घेऱ्यात कोण बसणार

४ मार्च

दाजींना आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात आणलं. टेम्पोत घालून, हात मागे बांधून, एखादा बैल आणावा तसं. आणणारे त्यांचेच दोन भाऊ. एकाच्या भुवईतून रक्त गळत होतं, दुसऱ्याचा शर्ट फाटून गळ्यात अडकलेला. ताई मागे फळीवर बसली होती, डावा हात फडक्यात गुंडाळून.

फडकं मी सोडलं. ती सोडू देत नव्हती. म्हणाली, भांडं लागलं. कोपरापासून मनगटापर्यंत सरळ रेघ, कडेला पांढरे फोड, मध्ये कच्चं मांस. वेल्डिंगची कांडी! तापवलेली, धरून ओढलेली. मी अकरा वर्षं नर्स आहे, भांड्याचा चटका मला कळतो.

डॉक्टरांनी विचारलं, हे तुमचे कोण? म्हटलं, ताईचे मिस्टर. ते म्हणाले, मग तुम्ही दुसऱ्या खोलीत काम करा. पण वॉर्डात माणसं किती? मी आणि रखवालदार. मीच सुई लावली. शिरेत नीट लावली. हात थरथरला नाही याचाच राग आला.

६ मार्च

दारू उतरायला लागली की तिसऱ्या दिवशी खरा तमाशा. दाजींना भिंतीवर उंदीर दिसतायत. आधी ओरडले, मग हसले, मग सलाईनचा खांब उपटून रखवालदाराच्या तोंडावर घातला. त्याचे समोरचे दोन दात खाली फरशीवर. मी मागून गळ्याला मिठी मारली, दोघं खाटेवर आपटलो. माझ्या दंडाला चावले. डॉक्टर धावत आले, इंजेक्शन, मग पट्टे. तिघांनी मिळून बांधलं.

रखवालदार तोंडावर बोळा धरून म्हणाला — सिस्टर, तुमचे पाहुणे फार प्रेमळ.

हसू आलं.

७ मार्च

ताईला फोन केला. म्हणाली, घर शांत आहे, छोटी अभ्यासाला बसलीय. निदान त्या दोघी मायलेकी सुटल्या.

९ मार्च

मी दाजींना मारलं.

ते शुद्धीवर आले होते. पट्टे अजून होते. पाणी मागितलं, मी पाजलं. मग त्यांनी विचारलं — "ताईने सांगितलं ना तुला, ती काय बोलते मला?" म्हणजे अजूनही तिचीच चूक! ग्लास ठेवला आणि एक ठेवून दिली. मग दुसरी. तिसरीला हात कोणीतरी धरला. डॉक्टर.

बाहेर नेऊन खुर्चीवर बसवलं, स्वतः समोर बसले. म्हणाले, बांधलेल्या माणसाला मारलंत. म्हटलं, हो. तीन आठवडे त्या वॉर्डातून काढलं मला. बरोबर केलं.

तळहात संध्याकाळपर्यंत झिणझिणत होता. लाज वाटली असं लिहायला हवं. बरंही वाटलं होतं.

१२ मार्च

डॉक्टरांनी मीटिंग घेतली. म्हणाले, आपण माणसं कोरडी करून घरी पाठवतो, आणि पावसाळ्याच्या आत ती ओली होऊन परत येतात. औषध शरीरातून दारू काढतं. पुढचं काय? बोलण्याच्या खोलीत ते माझ्यासमोर हो हो करतात. माझी भाषा वेगळी, माझा पँट-शर्ट वेगळा. मला ते साहेब म्हणतात. साहेबाला कोण खरं सांगतं?

मग माझ्याकडे बघून विचारलं, तुमच्या डोंगरातल्या लोकांत यावर काही होतं का?

होतं. इथे येणारे बहुतेक आमचेच, डोंगरातून कामाला खाली आलेले. पण मी स्वतः तो प्रकार एकदाच पाहिला आहे, लहानपणी. आमच्यात दारुड्याला दारुडा म्हणत नाहीत. बाहेर गेलेला म्हणतात. देह इथे, माणूस बाहेर. मग त्याला घेऱ्यात बसवतात. मध्ये विस्तव, भोवती माणसं, एक बाई ढोल वाजवते. ज्यांना ज्यांना त्याने दुखवलं ते एकेक करून त्याच्या तोंडावर सांगतात. त्याने बोलायचं नाही, उठायचं नाही. शेवटी दुखावलेल्यांपैकी एकाने त्याचं मनगट धरून त्याला बाहेर काढायचं. कोणी धरलं नाही तर पुन्हा कधीतरी बसायचं. मनगट धरलं की तो आत आला.

डॉक्टरांनी सगळं ऐकलं. विचारलं, ढोल वाजवणारं कोणी उरलंय?

उरलीय. माझी मामी.

१४ मार्च

मामी आली. सत्तरीची, काठीसारखी वाळलेली, आवाज मात्र भांड्यावर भांडं आपटावं तसा. पाठीवर ढोल. डॉक्टरांनी चहा दिला, तिने तो बशीत ओतून संपवला आणि पहिला प्रश्न केला — "दारू उतरायला तुम्हाला किती दिवस लागतात?" ते म्हणाले, दहा ते चौदा. ती म्हणाली, आमच्याकडे महिना लागायचा, आणि चारातला एक मरायचा. ते काम तुम्हीच करा.

मग भांडण! हात बांधण्यावरून. घेऱ्यात बसणाऱ्याचे हात पूर्वी कापडाने बांधत. डॉक्टर म्हणाले, इथे ते चालणार नाही. मामी म्हणाली, खाटेला पट्ट्याने बांधता ते चालतं? डॉक्टर म्हणाले, ते जीव वाचवायला, शुद्ध आली की सोडतो. शुद्धीतल्या माणसाने बसायचं तर स्वतःहून बसायचं.

मामीला पटलं नव्हतं. पण हात मोकळे ठेवायचं ठरलं.

१७ मार्च

मामीचा डोळा काळानिळा. ओठ फाटलेला. मामेभावाने मारलं. काय तर म्हणे, घराण्याचा ढोल दवाखान्यात विकलास. आपल्या लोकांची थट्टा मांडलीस साहेबांपुढे. आणि तो दारूला शिवतही नाही! पूर्ण शुद्धीत मारलं आईला.

मी टाका घातला. दोनदा विचारलं, पोलिसात जायचं का? म्हणाली — "त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही गं पोरी. मारणं खोटं." डॉक्टरांना तिने तेच सांगितलं, आणि वर एक अट घातली. फोटो नाही, पाहुणे नाहीत, कुठे छापून आणायचं नाही. बघायला म्हणून कोणी यायचं नाही. जो येईल तो बसेल. डॉक्टरांनाही घेऱ्यात बसावं लागेल.

डॉक्टर म्हणाले, बसतो.

१९ मार्च

पहिला घेरा. मागच्या पटांगणात, दुपार कलल्यावर. मध्ये बसवला गवंडी. महिनाभर इथे आहे, गोड माणूस, सगळ्यांना हसवतो. बोलणार होता त्याचा थोरला भाऊ.

ढोल सुरू झाला. एकच ठोका, सावकाश. मला वाटलं होतं मला काही होणार नाही. पोटात गेला तो ठोका. भाऊ उभा राहिला, म्हणाला, तू आईच्या अंगावर —

एवढंच. गवंडी उठला, विस्तवातलं जळतं लाकूड उचललं आणि भावाच्या जबड्यावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. भाऊ पडला, गवंडी त्याच्या छातीवर बसून मारतच राहिला. डॉक्टर मध्ये पडले, त्यांचा चष्मा फुटला, गालात काच गेली. रखवालदाराने शेवटी बादलीभर पाणी ओतलं, विस्तवावर आणि त्या दोघांवर. धूर, राख, रक्त, सगळ्यांचा खोकला.

मामी ढोल वाजवतच होती. मी ओरडले तेव्हा थांबली.

२० मार्च

भावाचा जबडा तारेने बांधलाय. गवंडी कोपऱ्यात बसून रडतोय. विश्वस्त आले होते. हे केंद्र आहे की कत्तलखाना? ढोल बंद करा, नाहीतर केंद्र बंद करतो. डॉक्टर गालावर पट्टी लावून बसले होते. म्हणाले, चूक ढोलाची नाही, घाई माझी. भावाला मी आधी भेटलोच नाही. गवंड्यालाही तयार केलं नाही. शस्त्रक्रिया असती तर आधी तपासलं असतं ना? मला दोन महिने द्या.

दोन महिने मिळाले. तोंड वाकडं करून, पण मिळाले.

२३ मार्च

दोघं, डॉक्टर आणि मामी, अख्खी सकाळ जेवणाच्या टेबलावर. मी भाजी चिरत कान लावून.

ठरलं असं. आधी औषध, पूर्ण. मग डॉक्टरांची बोलण्याची खोली. राग येतो तो अंगात आधी कुठे येतो ते ओळखायचं, आणि आला की काय करायचं त्याची तालीम. बोलणाऱ्यांनीही आधी डॉक्टरांकडे येऊन बोलायचं. सोळाच्या खालच्या मुलांना घेऱ्यात आणायचं नाही, हा डॉक्टरांचा हट्ट. मामीला ते आवडलं नाही. आमच्याकडे मुलंही बोलायची, म्हणाली. पण सोडून दिलं. विस्तव लांब.

हातांचं मामीनेच सुचवलं. बसणाऱ्याच्या मांडीवर ढोल द्यायचा. दोन्ही हातांनी त्यानेच तो धरायचा, ती समोर बसून वाजवणार. सोडला तर ढोल पडतो. हात बांधलेले नाहीत, पण रिकामेही नाहीत.

डॉक्टर खूश. म्हणाले, वा, आणि ठोका अंगात उतरतो तोही थेट. मामी म्हणाली — "अंगाचं तुम्ही बघा. मला ढोल पडू नये एवढंच."

२९ मार्च

गवंडी पुन्हा बसला. त्यानेच मागून घेतलं. भावाचं तोंड बांधलेलं, म्हणून त्याने लिहून आणलं होतं, वाचलं वहिनीने. गवंड्याच्या मानेच्या शिरा दोरखंडासारख्या. मला वाटलं, आता! पण त्याने डोळे मिटले, तोंडाने फू फू श्वास सोडला, डॉक्टरांनी शिकवला तसा. ढोल छातीशी इतका आवळला की मामीला वाजवायला जागा उरेना. पण उठला नाही.

शेवटी भावाने मनगट धरलं. ज्या हाताने जबडा मोडला तोच हात.

मी आत जाऊन तोंड धुतलं.

२ एप्रिल

मला पुन्हा वॉर्ड दिलाय. दाजी आता चालतात, जेवतात, झाडांना पाणी घालतात. मला बघितलं की मान खाली. आज म्हणाले — "तू मारलंस ते बरं केलंस." मी म्हटलं, नाही केलं बरं. आणि पुढे निघाले. मैत्री नको मला त्यांची.

डॉक्टर सांगत होते, बोलण्याच्या खोलीत दाजींनी पहिल्यांदा कांडीची गोष्ट काढली. दोन वाक्यं बोलले आणि कचऱ्याच्या डब्यात ओकले.

मामी त्यांना जावई म्हणते, वाढताना दोन घास जास्त वाढते. मला राग येतो. तिला म्हटलं तर म्हणाली, बाहेर गेलेल्याला उपाशी ठेवून कोणी आत बोलावतं का?

५ एप्रिल

ताई तयारीला आली. डॉक्टरांसमोर बसली आणि काहीच बोलली नाही. हाताची जखम भरलीय, गुलाबी दोरीसारखी दिसते. बाहेर आल्यावर मला म्हणाली, मी बोलले तर मला थांबता येणार नाही. म्हटलं, नको थांबूस.

छोटीला सोबत आणलं होतं. पायरीवर बसून राहिली. बारा वर्षांची पोर, पण बसते म्हातारीसारखी, गुडघे पोटाशी घेऊन. खाऊ दिला तर आधी आईकडे बघितलं.

९ एप्रिल

दाजींचा घेरा.

आधी त्यांचा भाऊ बोलला, मग दुसरा. रखवालदारही बोलला, नवे दात दाखवत — हे फुकट मिळाले, पण जुने माझे होते. कोणी हसलं नाही. मग मी. मी ठरवलेलं सगळं विसरले. एवढंच म्हणाले, ताईच्या लग्नात मी तुमच्या बुटांवर पाणी ओतलं होतं, तेव्हा तुम्ही मला उचलून गोल फिरवलं. तो माणूस कुठे नेऊन टाकलात?

मग ताई.

"तू कांडी तापवत होतास तेव्हा मला कळलं होतं ती कशासाठी," ती म्हणाली. "मी पळाले नाही. पळाले असते तर तू छोटीकडे वळला असतास. म्हणून मीच हात पुढे केला. तू ती ओढत होतास आणि मी मोजत होते. तुझा चेहरा बघत होते. तुला मजा येत नव्हती. कसलंच काही नव्हतं तुझ्या तोंडावर. भिंतीला रंग द्यावा तसं."

ढोल हलायला लागला. मामीने ठोका सोडला नाही.

"पोटातलं पहिलं लाथेने गेलं. दुसऱ्या वेळी मी तुझ्या आईकडे पळाले, तिने दार लावून घेतलं. तू विसरलास. तू सगळं विसरायचास आणि सकाळी चहा मागायचास. मी करायचे. आधण उकळताना रोज वाटायचं, हे तुझ्या तोंडावर ओतावं. रोज. अजून वाटतं. माझ्या हातात जे येईल ते फेकावंसं वाटतं. मी अशी नव्हते. मी अशी नव्हते!"

तिचा आवाज भिंतीवर जाऊन आपटला. दाजी पुढे वाकले, ढोलावर कपाळ टेकवलं. मामी त्यांच्या डोक्याच्या शेजारी वाजवत राहिली. नाकातून पाणी, तोंडातून लाळ, कातड्यावर सगळं ओलं. पण हात सुटले नाहीत. बोटं पांढरी पडली होती.

मग ढोल थांबला. आणि कोणी हललं नाही.

मी तर हलणारच नव्हते. भाऊ जमिनीकडे बघत होते. डॉक्टरांनी काही बोलायला तोंड उघडलं, मामीने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मिटलं. मला वाटलं, संपलं, आज नाही.

ताई उठली. त्यांच्या मांडीवरचा ढोल उचलून मामीला दिला. मग त्यांचं मनगट धरलं, भाजलेल्याच हाताने. ओढलं. ते उठले, गुडघ्यात वाकत. ती त्यांना बाहेर घेऊन गेली, पटांगणाच्या कडेपर्यंत, पाण्याच्या टाकीपर्यंत. मागे वळून बघितलं नाही.

रखवालदार रडला. डॉक्टर चष्मा पुसत बसले. मीही रडले, आणि ताईचा मला इतका अभिमान वाटला की छातीत दुखलं. आईनंतर तिनेच मला वाढवलं. जगातलं सगळ्यात सोसणारं माणूस आहे ते.

१० एप्रिल

विश्वस्तांना डॉक्टरांनी फोन केला. ढोल राहणार! मामेभाऊही येऊन गेला. आत नाही आला, फाटकापाशी उभा राहून ठोका ऐकला आणि गेला. मामी म्हणाली, येईल. बसवीन त्यालाही.

१२ एप्रिल

दाजींना सोमवारी सोडणार. वर्कशॉपवाला परत घ्यायला तयार आहे. डॉक्टर म्हणाले, दर आठवड्याला यायचं, गोळी चालू, आणि घेऱ्यात आता दुसऱ्यांसाठी बसायचं. ते हो म्हणाले. मी पहिल्यांदा त्यांना चहा दिला.

१३ एप्रिल

छोटी आली, एकटीच, शाळेतून परस्पर. विचारलं, लहान मुलांना घेऱ्यात बोलता येत नाही हे खरं का? म्हटलं, खरं, आणि आता गरजही नाही राणी, बाबा बरे झालेत. तिने दार लावलं. पाठ माझ्याकडे केली आणि शर्ट वर उचलला. मानेपासून कमरेपर्यंत वळ. काही काळे, बरेच लाल, एक अजून ओला. मी विचारलं, बाबांनी?

"मावशी," ती म्हणाली, "बाबा तर तुमच्याकडे होते."